पूर्णेकाठचे पोट्टे

आमच्या आबाजींचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, ऐन खारपाण पट्ट्यातलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजायची नाही. म्हणून धुणं, आंघोळी, गुरं, सारं पूर्णेवर. काठावर गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात, वांग्याच्या भाजीला उकळी येई, तोवर पोट्टे पाण्यात. पाठीला रिकामा डबा बांधून आबाजींनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं म्हणे. आबाजी स्वतः सांगत, तेव्हा निम्म्याचं सारं गाव होई.

अकोल्याची कावडही याच पूर्णेची. १९४४च्या दुष्काळात तरुणांनी गांधीग्रामहून पाणी नेऊन राजेश्वराला अभिषेक केला, तेव्हापासून ही रीत, असं जुने लोक सांगतात. त्या पहिल्या कावडीत आपण होतो, हा आबाजींचा दावा. आजी भाकर थापता थापता म्हणे, "कायचे गेले! घरीच तं होते." खरं काय ते राजेश्वरालाच ठाऊक.

आजीचं एक मात्र पक्कं होतं. धुण्याला बसलेल्या बायांपैकी एकीची तरी नजर पोरांवर हवी. डोकं दिसेनासं झालं, की हाक जाई, "कुठी गेलं वो पोट्टं?" पुढे नळ आले, घाट ओस पडले आणि पोहणं शिकवणारे आबाजीही गेले. शेतात आता शेततळी आहेत. त्यातल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं, की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. भोवती कुंपण आणि काठाला बांधलेला गाठींचा दोर, एवढ्यावर जीव वाचतो. पण तेच राहून जातं. मोठ्यांनाही पाणी सोडत नाही. १४ सप्टेंबर २०२१ला वरुडजवळच्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं गेली.

पूर्वी बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर पालथं घालून फिरवत. ते आता करू नये. उताणं निजवावं, श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावी, दुसऱ्याने १०८ला फोन लावावा. सहा वर्षांपुढच्या लेकरांना पोहणं शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आबाजींनी तेच केलं होतं, डब्यावर.

बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका, हेही त्यांचंच. "आंधी धोतर फेक, मंग देवाचं नाव घे." धोतरं गेली, पण दुपट्टा, ओढणी, गाडीतला दोर, काहीही चालतं.