मारुतीचे पटांगण आणि आपले खेळ



श्रीमारुतीरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार होऊन ही स्मरणिका निघत आहे, ही आपल्या गावाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे. मंदिराची हकिकत जाणत्या मंडळींनी लिहिली आहेच. मंदिरापुढील पटांगणाविषयी मी चार शब्द लिहितो. तालुका कचेरीत जुने कागद रोज हाताखालून जातात. गावठाणाच्या नकाशात पटांगणाचे क्षेत्र सापडते. तेथे किती पिढ्या खेळल्या, याची नोंद मात्र कोठेच नसते.

मारुती ही बलाची देवता. आपल्या नाशिकजवळच्या टाकळीस समर्थ रामदासस्वामींनी बारा वर्षे तप केले व सूर्यनमस्काराची उपासना केली, असे परंपरा सांगते. तेव्हा देवापुढे पोरांनी घाम गाळावा, यात वावगे काही नाही. संतांनाही खेळाचे वावडे नव्हते. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू, हमामा, फुगडी, टिपरी यांवर अभंग आहेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही गल्लोगल्ली हेच खेळ चालत होते.

विटीदांडूत आपण 'वकट, लेंड, मुंड, नाल' असे मोजत असू. हे शब्द निरर्थक नाहीत. तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. कोणत्या काळी, कोणाबरोबर हे आकडे आपल्याकडे आले ते कोणी लिहून ठेवले नाही; अक्षरओळख नसलेल्या पोरांनी ते तोंडी जपले.

प्रत्येक खेळाला त्याचा हंगाम असे. संक्रांतीला पतंग. येवल्याची आसारी हाती आली की पोराला आभाळ ठेंगणे होई. सुगी उरकली की विटीदांडू, गोट्या, भोवरे. चांदण्या रात्री आट्यापाट्या आणि हुतुतू. मुलींचा भोंडला नवरात्रात रंगे. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. जिल्ह्याच्या मालेगाव-बागलाण भागाला खानदेश लागून, म्हणून तिकडे भुलाबाई. ती भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीपर्यंत गाणी चालतात. त्या गाण्यांत सासर-माहेर, रुसवे-फुगवे सगळे असे. सासरी जे बोलता येत नसे, ते लेकीबाळी फेरात गाऊन मोकळ्या होत. ही गाणी आता आपल्या गावात साठीपुढच्या आयाबायांनाच पुरी येतात. शाळेतील मुलींनी त्यांच्याजवळ बसून ती वहीत उतरवून घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. जुन्या सभामंडपाची फरशी काढली तेव्हा एका दगडावर एकात एक असे तीन चौकोन कोरलेले दिसले. ती नवकंकरी होय. दोघांनी नऊ-नऊ खडे घ्यायचे, तीन खडे एका ओळीत लागले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. असे दगडात कोरलेले खेळांचे पट नाशिकच्या पांडवलेण्यांतही आढळले आहेत. आपला दगड किती जुना ते सांगता येत नाही, पण तो राबिट समजून फेकण्यासारखा खास नाही. सध्या तो पाण्याच्या टाकीमागे पडून आहे. पाराच्या ओट्यात तो तसाच, पॉलिश न करता, बसवावा.

दुसरी विनंती पटांगणाची. तेथे सिमेंटचे ब्लॉक बसवून जाळीचे कुंपण करावे, अशी सूचना आली आहे. चिखल होतो, चेंडूने दिव्यांच्या काचा फुटतात, हे खरे आहे. पण विटी कोलायला जमिनीत लहानसा खड्डा लागतो, आणि खो-खोत पडणाऱ्या पोराला माती सांभाळून घेते. याच मातीतल्या खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली, आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते. देवळापुढे फरशीचा पट्टा दर्शनापुरता असावा, दिव्यांना जाळी लावावी, आणि उरलेली जागा मातीची व मोकळी राहू द्यावी.

देणगीदारांच्या औदार्याने कळस उभा राहिला. त्या कळसाच्या सावलीत पोरांचा गलबला कायम राहो, हीच श्रीमारुतीरायाच्या चरणी प्रार्थना.