आपल्या दारचा बँडबाजा : काल, आज आणि उद्या

भंडारदरा परिसरातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. विषय आहे बँडबाजाचा.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना बँडशी काय देणंघेणं? तर देणंघेणं आहे, आणि तेही पैशाचं. लग्नसराई आली की गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. मांडव, आचारी, कपडेलत्ते आणि त्यात डीजे हे कलम आता ठरलेलंच. त्याच बैठकीत वाजवणाऱ्याच्या घरची बाईही बसलेली असते. तिच्या घरी सुपारी येत नाही म्हणून तिचा हप्ता थकतो. ही दोन घरं एकाच गटातली. म्हणून म्हटलं, हा बाजा आपल्याकडे आला कुठून, वाढला कसा आणि आता त्याचं काय होणार, हे एकदा नीट समजून घेऊ.

पितळी बँड येण्याआधी आपल्याकडे वाद्यं नव्हती असं नाही. देवळात चौघडा होता, लग्नात सनई, संबळ आणि एकसारखा सूर धरणारा जोडीदार होता. गावच्या जत्रेत हलगी, ढोल आणि ताशा असायचा. मान्यवरांच्या स्वागताला तुतारी फुंकायची. ही वाद्यं वाजवणारे लोक ठरलेल्या जातींचे असत. गुरव, घडशी, होलार, मातंग अशी नावं तुम्हाला ठाऊक आहेत. वाजवणं हे त्यांच्याकडे काम म्हणून आलं होतं, हौस म्हणून नव्हे. मोबदल्यात सुगीला धान्य मिळायचं, लग्नात शिधा मिळायचा. वाजवायला मांडवात बोलवायचं आणि जेवायला मांडवाबाहेर बसवायचं, हीसुद्धा रीत होती. ही गोष्ट इतिहास सांगताना वगळून चालणार नाही.

आता पितळी बँड. हा आला फौजेबरोबर. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींबरोबर त्यांचे बँड असत. सैनिकांनी पाऊल जुळवून चालावं म्हणून ढोल आणि दूरवर हुकूम पोचावा म्हणून बिगुल. पुढे संस्थानिकांनीही आपापले बँड ठेवले. पोलिसांचे बँड झाले. आपल्या जिल्ह्याचं नगर शहर तर छावणीचंच गाव. १९४८ पासून तिथे चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे.

बिगुल आणि ट्रम्पेट यांत फरक काय, तेही सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्र धातू. त्याच्या नळीत नुसती फुंकर घालून आवाज येत नाही. ओठ घट्ट धरून थरथरवावे लागतात, तेव्हा नळीतली हवा बोलू लागते. साध्या बिगुलाला कळ नसते. त्यातून ओठांच्या ताकदीवर मोजकेच सूर निघतात. १८१५ च्या सुमारास जर्मनीत कळा बसवण्याची युक्ती निघाली. कळ दाबली की हवेला जास्त लांबीच्या नळीतून फिरून यावं लागतं आणि सूर खाली उतरतो. तीन कळा वेगवेगळ्या जोडून दाबल्या की सगळे सूर मिळतात. ही युक्ती निघाली म्हणून पुढे पितळी वाद्यावर आपली गाणी वाजवता आली. बिगुलावर लावणी वाजली नसती.

वाद्यं सुरुवातीला विलायतेतून यायची. मग उत्तर प्रदेशात मेरठ शहरात त्यांचा व्यापार उभा राहिला. तिथल्या नादिर अली यांच्या पेढीची सुरुवात १८८५ ची. आजही बँडवाल्याला ट्रम्पेट किंवा युफोनियम घ्यायचं असेल तर मेरठचं नाव निघतंच. गोव्याचाही यात मोठा वाटा आहे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. त्यातून तयार झालेले कितीतरी वादक मुंबईला गेले, पोलिसांच्या बँडमध्ये, हॉटेलांत आणि पुढे सिनेमात वाजवू लागले.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा एक माणूस येतो. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचा जन्म १९१८ साली पुणतांब्याचा. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक त्यांच्याबरोबर काम करत. १९५१ च्या ‘अलबेला’ सिनेमात तो पितळेचा आवाज ठासून भरला आहे. सिनेमाच्या गाण्यात ट्रम्पेट आलं आणि तेच गाणं बँडवाल्यांनी गावोगावच्या वरातीत नेलं. त्यांच्यापाशी स्वरलिपीची वही नव्हती. १९५२ ला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अशा कार्यक्रमांतून आणि तबकड्यांवरून गाणं कानात साठवायचं आणि वाद्यावर उतरवायचं. रेडिओ हाच त्यांचा मास्तर. आज आपण रेडिओवरूनच त्यांच्याविषयी बोलतो आहोत, हेही बरंच झालं.

पुण्यात १९३८ मध्ये बंडोपंत सोलापूरकरांनी प्रभात बँड सुरू केला. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत हा बँड ऐकायला लोक मुद्दाम थांबतात. मोठ्या शहरातल्या बँडची अशी नावं झाली. तालुक्याच्या गावांत मात्र बँड उभा राहिला तो बहुतेक त्याच लोकांचा, ज्यांचे वाडवडील हलगी आणि सनई वाजवत होते. अंगावर सोनेरी बटणांचा कोट आला, डोक्यावर टोपी आली, गाडीवर नाव रंगवलं गेलं. मोबदला शिध्याऐवजी रोख मिळू लागला. बोलणी आधी व्हायची, विसार घेतला जायचा. ज्याला काल नुसती हाक मारून बोलवत, त्याला ‘मास्तर’ म्हणू लागले. हा बदल लहान नव्हता.

याच काळात दुसरंही घडत होतं. १९३५ साली येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. गावकीची कामं सोडा, मान खाली घालायला लावणारा धंदा सोडा, हा विचार घरोघर गेला. अनेकांनी वाद्यं खाली ठेवली आणि मुलांना शाळेत घातलं. त्यांनी योग्यच केलं. म्हणून आज कोणी ‘कला टिकवा, कला टिकवा’ म्हणतं तेव्हा आम्हाला विचारावंसं वाटतं की ती कोणी टिकवायची? त्याच घरांनी, त्याच उंबऱ्याबाहेर उभं राहून? तसं टिकवायचं असेल तर ते टिकलेलं नको.

आपल्या डोंगरातली गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे ठाकर बांधवांचा कांबडनाच आहे, बोहाड्यात मुखवटे नाचवताना संबळ आणि पिपाणी लागते. नवरात्रात कळसूबाईला, महाशिवरात्रीला रतनवाडीच्या अमृतेश्वराला वाद्यांशिवाय शोभा नाही. १९१० ते १९२६ या काळात आपल्या प्रवरेवर विल्सन धरण बांधलं गेलं, रस्ते झाले, बाहेरची माणसं आली. हळूहळू लग्नातली रीतही बदलली. संबळाच्या जागी ताशा आला, ताशाच्या जोडीला ट्रम्पेट आलं. मग कॅसिओ आणि बेंजो पार्टी आली, त्यांच्याबरोबर कर्णे आले. आणि आता टेम्पोवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या, म्हणजे डीजे.

वाद्यांचा आवाजही बदलला आहे. पूर्वी ताशाला आणि ढोलाला बकऱ्याचं कातडं असे. पावसाळी हवेत ते सैल पडायचं, मग पेटत्या पाचोळ्यावर शेकून घ्यायचं. भंडारदऱ्याच्या पावसात हे काम किती वेळा करावं लागत असेल, विचार करा. आता बहुतेक ठिकाणी फायबरचं पान असतं. ते भिजत नाही, फाटत नाही, पण त्याचा आवाज टणक आणि कानात घुसणारा. जुन्या माणसांना तो रुचत नाही. वाजवणाऱ्याला मात्र ते परवडतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

हा वाद फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेत ढोल आणि बिगुल यांची मोठमोठी पथकं आहेत. पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी ती उभी केली. १९७२ पासून त्यांची देशपातळीवर मोठी स्पर्धा होते. आधी बिनकळीचे बिगुल होते, मग एक कळ आली, मग दोन, मग तीन. २००० सालापासून नियम सैल झाले आणि बिगुलाऐवजी नेहमीची पितळी वाद्यं आली. तिथलेही जुने जाणते म्हणतात, आमच्या वेळचा तो आवाज गेला. आणि तिथेही प्रवासाचा, वाद्यांचा खर्च न पेलल्याने कितीतरी पथकं बंद पडली. श्रीमंत देशात ही गत, तर आपल्या तालुक्यातल्या बँडवाल्याची काय कथा!

त्याचा हिशेब एकदा मांडून बघू. समजा, सुपारी १५,००० रुपयांची ठरली आणि पथकात १५ माणसं आहेत. वरवर पाहता माणशी हजार. पण त्यातून गाडीभाडं जातं, कपडे धुण्याचे, वाद्य दुरुस्तीचे पैसे जातात, मालकाने वाद्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता जातो. हातात पाचशे-सहाशे उरले तर नशीब. आणि हे रोज नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आषाढात थांबतात, आणि त्या महिन्यांतही तिथी मोजक्याच. एका तिथीला चार सुपाऱ्या, मग आठ दिवस काही नाही. पावसाळ्यात हीच माणसं आवणीला जातात, पुढे नारायणगावाकडे मजुरीला. शिवाय ट्रम्पेट वाजवायला समोरचे दात शाबूत लागतात. दात पडले की वादकाची कमाई संपली. त्याला ना पेन्शन, ना विमा.

२०२० च्या टाळेबंदीने तर ऐन लग्नसराई बुडवली. पन्नास माणसांच्या लग्नात बँडला जागा कुठली? तेव्हा मोडलेली घडी पुन्हा नीट बसलीच नाही.

डीजे लोकांना का हवा, हेही समजून घेऊ. तरुण मुलांना हवं ते गाणं लगेच वाजतं, दमायचा प्रश्न नाही, नाचायला ठोका मिळतो. हे खोटं नाही. पण पंधरा घरांत वाटला जाणारा पैसा मग एकाच मालकाकडे जातो, आणि तो बहुतेकदा तालुक्याबाहेरचा असतो. दुसरं असं, की हळदीला, तेलवण पाडताना बायका जी गाणी म्हणायच्या, ती आता ऐकूच येत नाहीत. बँड मध्ये थांबायचा, पाणी प्यायचा, तेवढ्यात बायकांचा आवाज लागायचा. डीजे थांबत नाही. तिसरं तब्येतीचं. बाळंतीण, तान्ही मुलं, हृदयाचे दुखणेकरी, गोठ्यातली जनावरं या सगळ्यांना हा दणका सोसावा लागतो. कायदाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णे लावायला बंदी आहे. सरकार ठरावीक सणांना वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. आणि आपण तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत राहतो. काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आपण शांत राहा म्हणतो, तर आपल्या वरातीलाही तोच नियम हवा.

मग पुढे काय? बँड जसाच्या तसा परत येईल असं आम्हाला वाटत नाही. पण तो संपलाच पाहिजे असंही नाही. एक दार आता उघडतं आहे आणि ते आपल्या बायांचं आहे. या सगळ्या इतिहासात वाजवणारी बाई क्वचित दिसते. टाळ आपला, ओवी आपली, पण ढोल पुरुषाचा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांनी मुलींच्या खांद्याला ढोल दिला आणि आज शहरांतल्या पथकांत कितीतरी मुली आहेत. बिहारमध्ये पाटण्याजवळ ढिबरा गावात महादलित वस्तीतल्या बायांनी स्वतःचा बँड उभा केला. सुधा वर्गीस यांच्या ‘नारी गुंजन’ संस्थेने त्यांना साथ दिली. शेतमजुरी करणाऱ्या त्या बाया ढोल शिकल्या. आधी गाव हसलं, आता त्यांना लांबून बोलावणी येतात. केरळमध्ये कुटुंबश्रीच्या बायांची शिंकारी मेळम पथकं आहेत. त्यांनी मागितली ती सुपारी होती, शिधा नव्हे, आणि वाजवणं त्यांनी स्वतः निवडलं. फरक इथेच आहे.

आपल्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. बी जपायचं तर ते पेरावं लागतं, नुसतं मडक्यात ठेवून चालत नाही. चालीचंही तसंच आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला, एवढी आमची विनंती आहे. घरच्या लग्नात कर्ज काढून डीजे आणायचा की गावच्या वाजवणाऱ्यांना सुपारी द्यायची, हे बायकांनीही ठरवायचं. वाजवणाऱ्यांना सुपारी दिलीत, तर पैसे त्याच दिवशी द्या आणि त्यांना पाहुण्यांच्या पंगतीत बसवा. दुसरी गोष्ट, वाद्य दुरुस्तीसाठी कोणी कर्ज मागितलं तर ते शेळी किंवा शिलाई यंत्राच्या कर्जाइतकंच धंद्याचं कर्ज समजा. आणि तिसरी, ज्या मुलीला शिकावंसं वाटेल, मग ती कोणत्याही घरची असो, तिला मास्तरांकडे पाठवा. ज्यांचे दात गेले त्यांची बोटं अजून शाबूत आहेत, आणि चाली अजून त्यांच्या डोक्यात आहेत. त्यांना शिकवायचे पैसे मात्र द्यायचे, फुकट नाही.

तुमच्या बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.