हिंदमाताला गुडघाभर पाणी, तरी मुंबईत पाणीकपात का? समजून घ्या सात तलावांचं गणित

जून उजाडतो, पहिला मोठा पाऊस पडतो आणि हिंदमाता, सायन, अंधेरी सबवेचे व्हिडीओ व्हायरल होतात. त्याच आठवड्यात महापालिकेची पाणीकपात सुरू असते. मग कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: 'रस्त्यावर एवढं पाणी आहे, तर नळाला का नाही?'

याचं उत्तर दडलंय मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत. हे तलाव नेमके आहेत कुठे, ते कुणी बांधले आणि त्यांचं पाणी घरापर्यंत येतं कसं? सविस्तर पाहूया.

तलाव मुंबईचे, पण मुंबईत फक्त दोन

बोलताना आपण 'तलाव' म्हणतो, पण हे सातही जलाशय नद्यांवर धरणं बांधून तयार केलेले आहेत. त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत.

सातही तलावांची उपयुक्त साठवण क्षमता अशी आहे (दशलक्ष लिटरमध्ये):

- भातसा: ७,१७,०३७
- अप्पर वैतरणा: २,२७,०४७
- मध्य वैतरणा: १,९३,५३०
- तानसा: १,४५,०८०
- मोडक सागर: १,२८,९२५
- विहार: २७,६९८
- तुळशी: ८,०४६

एकूण: १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास १ लाख ४४ हजार ७३६ कोटी लिटर.

हे आकडे नीट पाहिले की सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एकट्या भातसामध्ये जवळपास निम्मं पाणी आहे. विहार आणि तुळशी दोन्ही मिळून अडीच टक्केसुद्धा भरत नाहीत. त्यामुळे दादर-अंधेरीत कितीही पाऊस पडला, तरी तो नाल्यांतून समुद्राला मिळतो. मुंबईची तहान भागायची तर पाऊस शहापूर, मोखाडा आणि इगतपुरीच्या डोंगरात पडावा लागतो. 'तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला' ही बातमी वाचायला छान वाटते, पण तेवढ्यावर पाणीकपात टळत नाही.

आधी काय होतं?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि छोट्या तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं तिथूनच आली. आज तिथे तलाव नाहीत, फक्त नावं उरली आहेत. नळाचं पाणी आल्यावर आणि पुढे हिवतापाच्या भीतीने शहरातले अनेक तलाव आणि विहिरी बुजवण्यात आल्या. ज्याला आपण ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो, ते गोवालिया टँक मैदानही याच गोष्टीची खूण आहे.

वस्ती वाढली तसं विहिरींचं पाणी पुरेना. १८५४ च्या टंचाईने प्रश्न गंभीर झाला आणि हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या खोऱ्यात विहारचं काम १८५६ साली सुरू झालं. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. दर वेळी शहर वाढलं आणि पाण्यासाठी आणखी लांब जावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर वैतरणा नदीवर धरण झालं. ते आधी 'लोअर वैतरणा' होतं. पुढे ते उभारणीत मोठा वाटा असलेले पालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या नावाने 'मोडक सागर' झालं. १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा आलं, त्यानंतर टप्प्याटप्प्याने भातसा. २०१४ मध्ये मध्य वैतरणा पूर्ण झालं. त्याला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. त्यानंतर मुंबईला नवं धरण मिळालेलं नाही.

मग पवई तलावाचं काय?

पवई सात तलावांच्या यादीत नाही. १८९० च्या सुमारास तो पाणीपुरवठ्यासाठीच बांधला होता, पण पाण्याचा दर्जा चांगला नसल्याने तो पिण्यासाठी टिकला नाही. साधारण ५४५ कोटी लिटर क्षमतेच्या या तलावाचं पाणी उद्योगांसाठी आणि आरे वसाहतीत पिण्याव्यतिरिक्तच्या कामांना वापरलं जातं.

म्हणून तो बिनकामाचा आहे असं नाही. पवईत मगरी आहेत, पक्षी आहेत. काठावरच्या प्रस्तावित सायकल ट्रॅकचं काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं, ते पाणथळ जागेच्या संरक्षणाच्या नियमांमुळेच.

शिवाय पवई आणि विहार भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीत येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या काठावरच्या वस्त्यांनी या नदीचं रौद्र रूप पाहिलं. तोवर अनेकांसाठी मिठी हा फक्त एक नाला होता.

शंभर किलोमीटरवरून पाणी येतं कसं?

वैतरणा नदीवर तीन धरणं पायऱ्यांसारखी आहेत. सगळ्यात वर इगतपुरीजवळ अप्पर वैतरणा. तिथल्या पाण्यावर आधी वीज तयार होते, मग ते नदीत सोडलं जातं. पुढे मध्य वैतरणा आणि त्याखाली मोडक सागर. मोडक सागर आणि तानसाचं पाणी मोठ्या जलवाहिन्या आणि बोगद्यांतून मुख्यतः उताराने भांडुपला येतं, त्यामुळे पंपाचा खर्च वाचतो.

भातसाचं तसं नाही. तिथलं पाणी नदीपात्रातून पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पंपाने उचलावं लागतं. म्हणूनच पिसे इथे वीज गेली किंवा बिघाड झाला की मुंबईच्या मोठ्या भागात पाणी कमी येतं.

भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध झालेलं पाणी शहरभरच्या सेवा जलाशयांत साठवलं जातं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनमध्ये फिरताना आपण अशाच एका जलाशयाच्या डोक्यावर चालत असतो.

कपात कधी होते?

मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी दिलं जातं. सातही तलाव काठोकाठ भरले, तर कागदावर तो साठा ३७५ दिवस पुरतो. म्हणजे वर्षापेक्षा जेमतेम दहा दिवस जास्त. त्यात उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं, वाटेत गळती आणि चोरी होते, आणि थोडं पाणी ठाणे-भिवंडीकडेही जातं.

म्हणून पालिकेसाठी १ ऑक्टोबर ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी तलावांत किती पाणी आहे, यावर पुढच्या ३१ जुलैपर्यंतचं नियोजन होतं. ऑक्टोबरमध्ये राहिलेली तूट जूनमध्ये जाणवते. २०२४ मध्ये तेच झालं. ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागू झाली. तलाव भरू लागल्यावर २९ जुलैला ती मागे घेतली गेली.

साठा फारच खालावला तर अप्पर वैतरणा आणि भातसामधला राखीव साठा वापरावा लागतो. ही दोन धरणं राज्य सरकारची असल्याने त्यासाठी सरकारची परवानगी लागते.

धरण उशाला, कोरड घशाला

या गोष्टीची दुसरी बाजू शहापूर तालुक्यात दिसते. भातसा आणि तानसा दोन्ही याच तालुक्यात. तरीही इथल्या अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणं खोऱ्यात आहेत आणि पाडे डोंगरउतारावर. पाणी वर चढवायला योजना लागते, पैसा लागतो. मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिनीशेजारून हंडा घेऊन चालणारी बाई हे इथलं रोजचं चित्र आहे.

पुढचा वादही तिथूनच सुरू होतो. पालघरच्या वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधून रोज ४४ कोटी लिटर पाणी आणण्याची योजना आहे. पण त्यासाठी तानसा अभयारण्यातलं जंगल पाण्याखाली जाईल, लाखो झाडं जातील आणि आदिवासींची गावं उठवावी लागतील. त्याला पर्याय म्हणून मनोरी इथे समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला गेला. सुरुवातीला रोज २० कोटी लिटर असं त्याचं उद्दिष्ट. तो महाग आहे, पण पावसावर अवलंबून नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात कमी चर्चेत असतो, तो म्हणजे आहे ते पाणी वाचवणं. गळक्या वाहिन्या दुरुस्त करणं, सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते फ्लश आणि बागेसाठी वापरणं, सोसायटीत पावसाचं पाणी जिरवणं.

थोडक्यात, हिंदमाताचं पाणी नळाला येणार नाही. नळाला येतं ते शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातलं पाणी, आणि तिथल्या लोकांनाही ते हवं आहे. पुढच्या वेळी 'तलाव किती भरले' ही बातमी दिसली, तर तुळशीच्या आधी भातसाचा आकडा पाहा.