वऱ्हाडातील घरखर्च आणि सावकाराची वही

हिवरखेड हे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातले मोठे गाव आहे. अशा गावांतील कुटुंबांच्या खर्चाचा इतिहास शोधू जाता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. घराचा हिशेब लिहिला जात होता, काटेकोरपणे लिहिला जात होता, परंतु ज्या वहीत तो लिहिला जाई ती वही त्या घरात नसे. ती सावकाराच्या किंवा किराणा दुकानदाराच्या पेढीवर असे.

पेढीवरची हिशेबपद्धती मात्र जुनी आणि पक्की होती. रोजकीर्द म्हणजे दररोजच्या रोख व्यवहारांची तारीखवार नोंद, आणि खतावणी म्हणजे त्याच नोंदी माणसागणिक वेगळ्या काढून ठेवलेली वही. दिवसाच्या आरंभी हाती असलेल्या रकमेला ‘श्रीशिल्लक’ म्हणत. तीत दिवसाची जमा मिळवून खर्च वजा केला की जी रक्कम उरे ती गल्ल्यातील नाण्यांशी तंतोतंत जुळावी लागे, आणि ही जुळणी म्हणजेच ‘मेळ’, ज्यावरून रोजमेळ हा शब्द रूढ झाला. घरखर्चाचा हिशेब बरोबर आहे की नाही हे तपासण्याची याहून सोपी कसोटी आजही कोणी शोधलेली नाही. जमा, खर्च, बाकी, हिशेब हे शब्द फारसी-अरबीतून आले, नोंदी मोडी लिपीत होत, आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजून मागील बाकी पुढे ओढली जाई.

शेतकरी कुटुंबाला अशी रोजकीर्द का ठेवता आली नाही, याचे कारण केवळ निरक्षरतेत शोधणे अपुरे ठरेल. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला; पुढे रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन सारा रोख रकमेत, ठरलेल्या हप्त्यांनी भरावा लागू लागला. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचली. ज्वारीच्या रानात कापूस वाढला, पैसा आला, पण तो वर्षातून एकदाच, वेचणीनंतर आला. मीठ, कापड, तेल, लग्नकार्य, बियाणे आणि सालगड्याची उचल (गुढीपाडव्यापासून वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला आगाऊ दिलेली रक्कम) हे खर्च मात्र बाराही महिने चालू राहत. ज्या घरात रोख रक्कम वर्षातील काही आठवडेच असते, त्या घरात दररोजची श्रीशिल्लक लिहायची तरी कशाची? याउलट मुंबईतील गिरणी कामगारांच्या घरखर्चाची सरकारी पाहणी 1921-22 मध्ये झाली तेव्हा ती महिन्याच्या पगाराभोवती रचता आली. शेतीशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा 1917 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास केला, त्यात शेतकरी घरांच्या मिळकतीबरोबर कर्जाचाही विचार करावा लागला. वऱ्हाडी घराचे अंदाजपत्रक हे असे वर्षाचे, आणि बहुतांशी उधारीचे होते.

या उधारीची नोंद एकतर्फी होती, हा खरा प्रश्न. धान्य उसने नेल्यास सुगीला सवाईने म्हणजे सव्वापट, किंवा दिढीने म्हणजे दीडपट परत करावे लागे. मोडी न वाचता येणारा कर्जदार अंगठा उमटवी आणि आकडा विश्वासावर घेई. दामदुप्पट, म्हणजे एका वेळी मुदलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम वऱ्हाडातही मानला जाई. परंतु थकलेले व्याज मुदलात घालून नवा कागद केला की तीच रक्कम पुन्हा वाढू लागे.

घराकडे स्वतःची साधने नव्हती असे मात्र नाही. धान्याची कणगी किती रिती झाली हे पाहून गृहिणी पुढचे महिने मोजी. रतिबाच्या दुधासाठी भिंतीवर रेघा ओढल्या जात. शाळेत गेलेल्यांना उजळणी पाठ असे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. ही घोकंपट्टी म्हणून हिणवली गेली, पण ती बाजाराची गरज होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत. समजा एखादी वस्तू सव्वातीन आणे शेर असून अडीच शेर घ्यायची असेल, तर आठ आणे आणि वर अर्धा पैसा हे उत्तर दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकाला यावे लागे. अपूर्णांकांचे पाढे ज्याला येत नसत त्याचा हिशेब दुसराच कोणी करी.

बाजाराच्या नोंदींना शिस्त लावण्याचा आरंभ वऱ्हाडातच झाला: 1886 मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. घरापर्यंत पोहोचणारा बदल त्यानंतर बऱ्याच काळाने, जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळल्यावर आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात 1933 मध्ये कर्ज-तडजोडीचा आणि 1934 मध्ये सावकारीचा कायदा झाला; दुसऱ्या कायद्याने सावकाराने प्रत्येक ऋणकोचे खाते वेगळे ठेवावे आणि दरवर्षी त्याला वाचता येईल असा सहीचा उतारा द्यावा, असे बंधन घातले. तत्त्वतः तरी, घराच्या कर्जाचा लेखी हिशेब घरात येण्याची वाट या कलमाने मोकळी केली.

त्याच काळात अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनांतून कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, असे सांगत फिरत होते. अंदाजपत्रकाच्या भाषेत पाहिल्यास, वर्षाच्या खर्चातील जो भाग कुटुंबाच्या हातात होता त्यावरच त्यांनी बोट ठेवले होते. सारा आणि कापसाचा भाव कोणत्याच कुटुंबाच्या हातात नव्हता.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, आणि पावकी-औटकीचे महत्त्व हळूहळू ओसरले. आज वऱ्हाडातील वही बहुधा महिलांच्या बचत गटात लिहिली जाते; नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वेळच्या वेळी लिहिलेली पुस्तके ही त्यांची पंचसूत्री असून, प्रत्येक सदस्येचे पासबुक तिच्या घरी असते. महाराष्ट्रातील पहिला बचत गट अमरावती जिल्ह्यातील महिलांनी 1947 साली पंचवीस पैशांच्या बचतीने सुरू केला, असे प्रशिक्षणवर्गांत नेहमी सांगितले जाते. त्या साली पंचवीस पैशांचे नाणे नव्हते. तेव्हा ती बचत, झाली असल्यास, चार आण्यांची असली पाहिजे.