दूरसंदेशवहन उद्योगातील कृत्रिम बुद्धिमत्ता
दूरसंदेशवहन उद्योगातील कृत्रिम बुद्धिमत्ता : दूरध्वनी, भ्रमणध्वनी व त्यांना जोडणारी जाले यांच्या व्यवहारात एरवी माणसाने घ्यावयाचे निर्णय यंत्राकडे सोपविण्याच्या प्रक्रियेचा इतिहास. संभाषणासाठी कोणता मार्ग निवडावा, बिघाड कोठे आहे, बोलणाऱ्याला नेमके काय हवे आहे, ही अशा निर्णयांची उदाहरणे होत. कृत्रिम बुद्धिमत्ता ही या उद्योगात बाहेरून आलेली गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. या विद्येतील कित्येक मूलभूत कल्पना दूरध्वनी कंपन्यांच्याच प्रयोगशाळांत जन्मल्या. मात्र त्यांचा प्रत्यक्ष व्यवहारात स्वीकार होण्यास दशके लागली आणि तो बहुधा यंत्र हुशार झाले म्हणून नव्हे, तर संभाषणांची संख्या माणसांच्या आवाक्याबाहेर गेली म्हणून झाला.

पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे सुरू झाले. प्रारंभी जोडणी करून देण्याचे काम तारखात्यातील पोरांकडे होते. परंतु त्यांच्या उद्धटपणास ग्राहक कंटाळले आणि त्याच वर्षी बॉस्टन येथे एमा नट यांची नेमणूक होऊन या व्यवसायात स्त्रियांचा प्रवेश झाला. त्या काळचा ग्राहक क्रमांक सांगत नसे, नाव सांगे. कोण कोठे राहतो, डॉक्टर या वेळी घरी असतात की रुग्णालयात, ही माहिती ऑपरेटरच्या डोक्यात असे. मॅसॅचूसेट्समधील लोएल या गावी गोवराची साथ आली असता, सर्व ऑपरेटर एकाच वेळी आजारी पडल्यास नव्या माणसांना नावांवरून काम करता येणार नाही, या भीतीने तेथील एका डॉक्टरांनी ग्राहकांना क्रमांक देण्याची सूचना केली, असे सांगितले जाते. यंत्राच्या आगमनापूर्वीची ही पायरी महत्त्वाची आहे. माणसाच्या स्मरणातील ज्ञान आधी अंकांत उतरले, म्हणूनच पुढे ते यंत्राला हाताळता आले.

कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रोजर हा व्यवसायाने अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा होता. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, अशा संशयातून त्याला स्वयंचलित जोडणीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. १८९१ मध्ये त्याला एकस्व मिळाले व ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्याच्या पद्धतीचे केंद्र उघडण्यात आले. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील प्रश्न खरा आहे. निर्णय घेणारा मध्यस्थ निःपक्षपाती असेल कशावरून, हा तो प्रश्न होय. पुढे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून संभाव्यता सिद्धांताच्या आधारे संभाषणांच्या गर्दीचे गणित मांडले. किती मार्ग व किती ऑपरेटर पुरतील, हा अनुभवी पर्यवेक्षकाच्या अंदाजाचा विषय त्यामुळे सूत्राचा विषय झाला.

अमेरिकेतील बेल समूहाने मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित केंद्रे उभारण्यास नॉरफोक (व्हर्जिनिया) येथे १९१९ मध्ये आरंभ केला. तेव्हा जोडणीचे काम हे तरुण अमेरिकन स्त्रियांच्या प्रमुख नोकऱ्यांपैकी एक होते. १९२० ते १९४० या काळातील जनगणनेच्या नोंदींवरून जेम्स फायगेनबाउम व डॅनियल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञांनी केलेले संशोधन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. केंद्र स्वयंचलित झालेल्या शहरांत नंतर कामाला लागणाऱ्या मुलींना टंकलेखन, उपाहारगृहे इत्यादी ठिकाणी कामे मिळाली; त्या पिढीच्या रोजगाराचे एकूण प्रमाण घटले नाही. परंतु ज्या स्त्रिया आधीपासून ऑपरेटर होत्या, त्यांपैकी अनेकजणी दहा वर्षांनंतर कमी वेतनाच्या कामावर गेलेल्या किंवा नोकरीबाहेर पडलेल्या आढळल्या. सरासरीच्या आकड्यांत हे नुकसान दिसत नाही. भारतात पहिले स्वयंचलित केंद्र १९१३–१४ मध्ये सिमला येथे आले, तर ऑपरेटरवाचून परगावी बोलण्याची सोय प्रथम १९६० मध्ये कानपूर-लखनौ या मार्गावर झाली. त्यानंतरही कित्येक वर्षे ट्रंक कॉलची नोंद करून तासन्‌तास वाट पाहणे हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीयांच्या परिचयाचा अनुभव होता.

प्रयोगशाळेतील बुद्धिमत्ता : दूरध्वनी केंद्रातील रिले हा विद्युत् प्रवाहाने उघडझाप करणारा साधा स्विच होय. रिलेंच्या मंडलांना बूलचे तर्कशास्त्रीय बीजगणित लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मधील आपल्या प्रबंधात दाखविले. पुढे बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये असताना त्यांनी १९५० च्या सुमारास ‘थीसियस’ नावाचा यांत्रिक उंदीर तयार केला. पंचवीस चौकोनांच्या चक्रव्यूहात तो प्रथम चाचपडत मार्ग शोधी. दुसऱ्या खेपेस मात्र न चुकता थेट लक्ष्यापर्यंत जाई. भिंती हलविल्यास जुने विसरून तो नवे शिके. खरे तर त्याची स्मृती उंदरात नव्हती. फरशीखाली दडविलेल्या, दूरध्वनी केंद्रात वापरल्या जाणाऱ्या रिलेंमध्ये होती. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा ज्या प्रस्तावात आली, त्या १९५५ मधील डार्टमथ परिषदेच्या प्रस्तावाच्या चार कर्त्यांमध्ये शॅनन होते.

याच प्रयोगशाळेत १९५२ मध्ये ‘ऑड्री’ हे उच्चारलेले अंक ओळखणारे यंत्र तयार झाले. ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतलेले असे, त्याचे अंक ते क्वचितच चुकी. अन्य व्यक्ती बोलली की त्याची अचूकता घसरे. तबकडी फिरविणे किंवा कळ दाबणे यांपेक्षा ते महाग व अवजड असल्याने व्यवहारात आले नाही. १९६९ मध्ये प्रयोगशाळेतील एक वरिष्ठ शास्त्रज्ञ जॉन पिअर्स यांनी ध्वनिशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकास पत्र लिहून या क्षेत्रातील संशोधनावर कठोर टीका केली. भाषेचे व विषयाचे ज्ञान नसलेले यंत्र सर्वसामान्य बोलणे ओळखू शकणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. या टीकेनंतर तेथील हे काम काही काळ थंडावले. पिअर्स यांचे निदान कठोर असले, तरी त्या काळापुरते ते निराधार नव्हते, असे म्हणावे लागते.

व्यवहारातील स्वीकार : न्यू जर्सीतील सकासना येथे १९६५ मध्ये संगणकीय आज्ञावलीने चालणारे केंद्र सुरू झाले आणि यंत्रे आपल्या कामाची नोंद स्वतःच ठेवू लागली. नोंदींचे हे ढीग वाचणार कोण, हा पुढचा प्रश्न होता. १९८० नंतरच्या काळात बेल प्रयोगशाळेतील ‘एस’ ही तज्ञ प्रणाली केबलदुरुस्तीच्या नोंदी वाचून कोणत्या केबलमध्ये वारंवार बिघाड होतो, हे सांगू लागली. अनुभवी दुरुस्ती विश्लेषकांना विचारून त्यांचे ठोकताळे नियमांच्या रूपात तिच्यात भरलेले होते. विश्लेषकाला हे येत नव्हते असे नाही. एवढ्या नोंदी रोज वाचावयास त्याला वेळ नव्हता.

जालाचे नियंत्रण मात्र कंपन्यांनी जपूनच यंत्राकडे दिले. त्याचे एक कारण १५ जानेवारी १९९० रोजी दिसून आले. एका केंद्राने स्वतःची दुरुस्ती करून पुन्हा काम सुरू केल्याचा संदेश धाडताच शेजारच्या केंद्रांतील आज्ञावलीमधील दोषामुळे तीही बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. अशा रीतीने एटी अँड टी कंपनीची ११४ केंद्रे सु. नऊ तास एकमेकांना पाडत राहिली. बिघाडातून सावरण्यासाठी केलेली योजनाच बिघाड पसरविण्यास कारण झाली.

वाणी ओळखणाऱ्या यंत्राला खरे यश मिळाले ते त्याच्याकडून अपेक्षा कमी केल्यावर. १९९२ मध्ये एटी अँड टीने ऑपरेटरच्या साहाय्याने होणाऱ्या संभाषणांसाठी जी प्रणाली आणली, तिला केवळ पाच पर्याय ओळखावयाचे होते : बिल पलीकडच्या ग्राहकाकडे, बिल कार्डावर, बिल तिसऱ्या क्रमांकावर, विशिष्ट व्यक्तीशीच संभाषण आणि ऑपरेटर. चाचण्यांत निराळीच अडचण आली. लोक पाच शब्दांपैकी एक शब्द उच्चारून थांबत नसत. ते ‘कृपया’ म्हणत, अडखळत, पूर्ण वाक्ये बोलत. तेव्हा आजूबाजूच्या बोलण्यातून हवा तेवढा शब्द वेचण्याची सांख्यिकीय पद्धत शोधून काढावी लागली. वर्षाकाठी एक अब्जाहून अधिक संभाषणे ही प्रणाली हाताळू लागली. तिच्यामुळे ऑपरेटरांच्या एकतृतीयांशापर्यंत जागा कमी होतील, असे कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले होते. ‘ऑपरेटर’ हा शब्द यंत्राला शिकविलेल्या पाच पर्यायांत होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे; यंत्राकडून काम होत नाही असे वाटल्यास माणसाकडे जाण्याची वाट ग्राहकाला मोकळी होती. नंतरच्या अनेक स्वयंचलित सेवांत ती सापडणे कठीण झाले.

त्याच दशकात यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत हस्तलिखित अंक ओळखणारी चेताजाले विकसित केली. त्यांचा उपयोग दूरध्वनीपेक्षा बँकांचे धनादेश वाचण्यासाठी अधिक झाला. दूरध्वनीच्या क्षेत्रात प्रत्येक ग्राहकाच्या बोलण्याच्या नेहमीच्या सवयींचे सांख्यिकीय चित्र ठेवून त्यापासूनचा विचलनबिंदू शोधण्याची पद्धत चोरून वापर करणाऱ्यांविरुद्ध प्रभावी ठरली. चौथ्या व पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी जालांच्या मानकांत मनोऱ्यांची परस्पर जुळणी व माहितीचे विश्लेषण यांची तरतूद मुळातच आहे.

भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण केंद्रे देशात तयार केली. त्यांपैकी पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविले गेले. पुढे दूरध्वनी खेड्यांत पोहोचल्यावर भाषेचा प्रश्न पुढे आला. २०१० नंतरच्या काही वर्षांत शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवरून विचारता यावेत यासाठी केंद्र शासनाच्या साहाय्याने अनेक भारतीय भाषांत काम झाले. मराठीसाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने शेतकऱ्यांचे आवाज भ्रमणध्वनीवरून ध्वनिमुद्रित केले. पिकांची व बाजारपेठांची नावे एवढाच शब्दसंग्रह असूनही बोलीतील उच्चारभेद व शेतावरील, रस्त्यावरील गोंगाट यांमुळे ही कामगिरी प्रयोगशाळेतील कामापेक्षा पुष्कळ कठीण होती.

केंद्रीय दूरसंचार विभागाने ‘अस्त्र’ नावाची चेहरा ओळखणारी प्रणाली वापरून एकाच छायाचित्रावर निरनिराळ्या नावांनी घेतलेली सिमकार्डे शोधली. २०२३ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे ८७ कोटींहून अधिक जोडण्यांची छाननी होऊन ४० लाखांहून अधिक संशयास्पद ठरल्या व पडताळणीनंतर ३६ लाखांहून अधिक बंद करण्यात आल्या. संशयित व प्रत्यक्ष बंद झालेल्या जोडण्यांतील तफावत पाहता पडताळणीचा टप्पा नाममात्र नव्हता, असे दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये एअरटेलने नको असलेली संभाषणे ओळखणारी प्रणाली सुरू केली. येणारा दूरध्वनी ती तोडत नाही. ‘संशयास्पद’ अशी सूचना पडद्यावर दाखविते आणि तो घ्यावा की न घ्यावा, हे ठरविणे ग्राहकावर सोडते.