सोमलाचा उतारा

सोमल हे विष मानवाला शतकानुशतके परिचित आहे. परंतु ते शरीरात नेमका कोठे घाव घालते, हे कोडे विसाव्या शतकापर्यंत सुटले नव्हते. त्याच्या उकलीला मोठी मदत झाली ती ऑक्सफर्डमधील कबुतरांच्या मेंदूवरील प्रयोगांची.

तेथील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक रुडॉल्फ पीटर्स हे १९३० नंतरच्या दशकात बी-१ जीवनसत्त्वाचा अभ्यास करीत होते. कोंडा काढून पांढराशुभ्र केलेल्या तांदळावरच ठेवलेली कबुतरे काही दिवसांनी मान मागे टाकून तडफडू लागत. त्यांच्या मेंदूचा अंश काचपात्रात तपासला असता शर्करेचे ज्वलन अर्ध्या वाटेवर अडून पायरुविक आम्ल साचलेले आढळे. अत्यल्प जीवनसत्त्व मिसळताच ते ज्वलन पुन्हा सुरू होई. पेशीतील अशा क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम किंवा विकर म्हणतात. त्यांपैकी एका समूहाचे काम या जीवनसत्त्वावाचून अडत होते.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि या अभ्यासाला निराळे वळण लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत लुईसाइट नावाचे आर्सेनिकयुक्त विषारी अस्त्र तयार झाले होते. त्याच्या स्पर्शाने कातडीवर फोड उठत. शत्रू ते वापरील, ही धास्ती ब्रिटनला होती. पीटर्स यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, सोमलापासून होणारे आर्सेनाइट आणि लुईसाइट ही दोन्ही विषे पायरुविक आम्लाच्या ज्वलनाची तीच क्रिया अत्यल्प प्रमाणातही रोखतात.

विकरांवर गंधक व हायड्रोजन यांचे जे गट असतात, त्यांना आर्सेनिक घट्ट बिलगते. तेव्हा असाच गट असलेले दुसरे द्रव्य देऊन विषाला भुलवावे, हा विचार ओघानेच आला. पण एकच गंधकगट असलेली द्रव्ये विपुल घालूनही विकराचे पुरेसे रक्षण होईना. लॉइड स्टॉकन आणि रॉबर्ट थॉम्पसन यांनी केसांतील केराटिन या प्रथिनावर लुईसाइटची क्रिया तपासली. बहुतांश आर्सेनिकच्या अणूंना दोन-दोन गंधकगटांनी धरून ठेवले आहे, असे त्यांना आढळले. मग १९४० मध्ये त्यांनी शेजारी-शेजारी दोन गंधकगट असलेले एक द्रव्य तयार केले. त्याची पकड विकराच्या पकडीहून बळकट ठरली. आर्सेनिक सुटले आणि थांबलेले ज्वलन पुन्हा सुरू झाले.

‘ब्रिटिश अँटी-लुईसाइट’, म्हणजेच ‘बाल’, या नावाने ओळखले गेलेले हे औषध १९४५ पर्यंत गुप्त होते. ब्रिटनवर लुईसाइटचा मारा कधी झालाच नाही. औषध मात्र वाया गेले नाही. उपदंशावरील आर्सेनिकयुक्त औषधांनी विषबाधा झालेल्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला. यकृतात व मेंदूत तांबे साचविणाऱ्या विल्सनच्या रोगात त्याने रुग्ण सुधारल्याचे १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात ‘बाल’ निर्दोष नव्हते. त्याची तेलातील सुई वेदनादायक असे आणि मात्रा वाढल्यास ते स्वतःच बाधे. म्हणून पुढे पोटात घेता येणारी सौम्य औषधे शोधली गेली. परंतु धातूला घट्ट धरून शरीराबाहेर नेण्याचे त्यांचे तत्त्व तेच राहिले.

उताऱ्याचा शोध पूर्वी बहुधा अनुभवावर आणि दैवावर सोपविलेला असे. येथे विषाने कोणत्या विकराला धरले आहे हे आधी समजले, आणि त्या ज्ञानातूनच औषध घडले.