खेळता खेळता कोच

आपल्याकडे रग्बी कोण बघतं म्हणा! क्रिकेटमधून वेळ मिळाला तर ना. पण ‘किमान दहा वर्षांचा अनुभव हवा’ असल्या जाहिराती वाचून जे वैतागलेत, त्यांनी रग्बीच्या इतिहासातली एक नेमणूक जरूर माहीत करून घ्यावी.

साल २०१२. एडी जोन्स हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ जपानच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. संघाची कुंडली काय? १९८७ पासूनच्या प्रत्येक वर्ल्ड कपला हजेरी आणि विजय फक्त एक, १९९१ मध्ये झिंबाब्वेविरुद्ध. १९९५ मध्ये तर न्यूझीलंडने १४५-१७ असा धुव्वा उडवलेला.

अशा संघाच्या फॉरवर्ड्ससाठी, म्हणजे धक्काबुक्कीचं काम करणाऱ्या आठ दणकट गड्यांसाठी, जोन्सने प्रशिक्षक आणला स्टीव्ह बोर्थविक. वय ३२. इंग्लंडचा माजी कर्णधार, ५७ आंतरराष्ट्रीय सामने. पण कोच म्हणून? कुठल्याच देशाच्या संघाबरोबर काम केलेलं नाही. उलट तो तेव्हा सॅरेसन्स क्लबकडून स्वतःच खेळत होता, आणि २०१४ पर्यंत खेळत राहिला! जपानचं काम क्लबचा मोसम सांभाळून.

मग जोन्सने त्याच्यात पाहिलं काय? एकच गोष्ट : लाइनआउट. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात, मधोमध चेंडू फेकला जातो आणि साथीदार आपल्या गड्याला हवेत उचलतात. वरवर पाहता हा उंचीचा खेळ. पण चेंडू कुठे पडणार हे फेकणाऱ्या संघाला आधीच ठाऊक असतं, सांकेतिक शब्दांत. म्हणजे हुलकावणी आणि वेग असेल तर बुटका संघही उंच संघाच्या आधी हवेत जाऊ शकतो. जपानला नेमकं हेच हवं होतं. आणि या विषयात बोर्थविकचा अभ्यास दांडगा. जोन्सने काही काळ सॅरेसन्सचं काम पाहिलं होतं, त्यामुळे माणूस त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

आता १९ सप्टेंबर २०१५ कडे येऊ. स्थळ ब्रायटन, समोर दोनदा जगज्जेती दक्षिण आफ्रिका. हीच ती आफ्रिका, जिने नोव्हेंबर २००८ मध्ये बोर्थविकच्या नेतृत्वाखालच्या इंग्लंडला ट्विकनहॅमवर ४२-६ असं लोळवलं होतं. जपानचा पहिला ट्राय लाइनआउटमधूनच आला : चेंडू पकडला, सगळे एकमेकांना चिकटले आणि ढकलत ढकलत कर्णधार मायकेल लीचला रेषेपार नेलं. बरोबरी साधणारा गोरोमारूचा ट्रायही लाइनआउटपासून सुरू झाला. शेवटी ३२-२९ अशी पिछाडी असताना पेनल्टी मिळाली. किक मारून सामना बरोबरीत सोडवता आला असता. लीचने स्क्रम मागितला. जादा वेळेत हेस्केथ कोपऱ्यात घुसला आणि जपान ३४-३२ ने जिंकला!

सगळं श्रेय बोर्थविकला द्यायचं का? मुळीच नाही. स्क्रमसाठी जोन्सने फ्रान्सचा माजी हूकर मार्क दाल मासो वेगळा ठेवला होता, आणि शेवटचा ट्राय त्या स्क्रममधून सुरू झाला. शिवाय त्या वर्ल्ड कपमध्ये तीन सामने जिंकूनही जपान साखळीतच बाद झाला.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते नेमणुकीचं तंत्र. जोन्सने नवख्या माणसाच्या गळ्यात अख्खा संघ मारला नाही. एक काम दिलं, त्यात तो पक्का होता. बाकीचं स्वतः सांभाळलं. आणि वर्ल्ड कपपर्यंत तीन वर्षं दिली. आपल्याकडे बहुधा उलटं होतं : एकतर ‘लहान आहेस’ म्हणून काहीच देत नाहीत, नाहीतर सगळंच अंगावर टाकतात आणि तीन महिन्यांत निकाल मागतात.

डिसेंबर २०२२ मध्ये हाच बोर्थविक इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षक झाला. कोणाच्या जागी? एडी जोन्सच्याच!

तेव्हा मंडळी, पुढच्या इंटरव्ह्यूला समोर कोणी पोरगेलासा उमेदवार बसला, तर ‘किती वर्षं?’च्या आधी ‘कशाचा अनुभव?’ हे जरूर विचारा.